पायाचा उपवास

किस्से जमवावे लागत नाहीत. एकाच गाडीनं सोळा वर्षं अपडाऊन करा, आपोआप साठतात. माझ्या पर्समध्ये जुन्या पासांचा गठ्ठा आहे, रबर लावलेला. का ठेवलाय ते मलाही माहीत नाही. किश्शांचं तसंच. कुणी सहज विचारलं, "नाश्त्याला काय खाता हो?" की ते रबर तुटतं.

आणि हल्ली तर जो तो हेच विचारतो. लो-कार्ब म्हणे! परभणीत दर दोन घरांआड साखर आणि प्रत्येक घरात तिच्यावरचा इलाज. आम्हीही केला होता. हसू येईल तिथं हसा, आम्हीही हसलो होतो.

*

आम्ही तिघं. मी चुडाव्याच्या शाळेत शिक्षिका. गव्हाणे सर तिथंच हेडमास्तर, मूळचे राणीसावरगावचे. आणि वसमतकर, चुडाव्याच्याच जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. सकाळच्या पॅसेंजरला घरून उपाशीच निघायचो. पिंगळी स्टेशन गेलं की डबे उघडायचे. आमचा नाश्ता तो तिथंच.

नियम एकच होता. ज्याचा डबा, त्यानं शेवटी खायचं. आधी दुसऱ्यांनी. हा नियम वसमतकरांनी काढला, कारण गव्हाणे वहिनींच्या डब्यावरून भांडणं व्हायला लागली होती. नियमामुळं भांडणं मिटली आणि सरांचा डबा रोज त्यांच्यापर्यंत रिकामा पोचायला लागला. सर म्हणायचे, "बायकोच्या हातचं खायाचं म्हनलं तर मला रविवारची वाट बघावी लागती."

सरांना गोडाचा मात्र शौक नव्हता. लग्नात पंगतीला शेजारी बसले की त्यांची जिलेबी न विचारता माझ्या पानात यायची. हे लक्षात ठेवा.

*

सव्वीस जानेवारीला झेंड्यासाठी सरांनी नवे बूट घेतले. आठवड्यानं गाडीत डबे उघडले आणि वसमतकरांनी नाक मुरडलं. "काहीतरी नासलंय," म्हणाले. आम्ही तिन्ही डब्यांचा वास घेतला. डबे चांगले होते. मग वसमतकर खाली वाकले आणि वर न बघताच म्हणाले, "सर, उजवा बूट काढा."

मोजा चिकटलेला होता. अंगठ्याखाली जखम. बुटाच्या तळव्यात ठोकतात तो बारीक खिळा, चूक म्हणतो ना आपण, ती वर आलेली होती. त्या चुकेवर सर आठवडाभर स्टेशन ते शाळा आणि शाळा ते स्टेशन चालले होते. बारा वर्षांची साखर, पायाला काही कळतच नव्हतं.

संध्याकाळी परभणी स्टेशनबाहेरच्या चांभारानं पकडीनं ती उपटली आणि तळहातावर ठेवून दाखवली. "साहेब, एवढीशी चूक होती."

"चूक एवढीशीच असती," सर म्हणाले.

वसमतकरांना हसू आलं नाही. म्हणाले, "म्हशीच्या खुराचं असं झालं असतं तर मालकाला मी शिव्या दिल्या असत्या. तुमाला कशा देऊ?"

*

नांदेडच्या डॉक्टरांकडं मीही गेले होते. वहिनींनीच नेलं, इंग्रजी निघालं तर असावं कुणी म्हणून. डॉक्टर नागपूरकडचे, इकडं नवे. त्यांनी सरांना विचारलं, सकाळी काय घेता?

सर म्हणाले, "सुशीला."

आता चुरमुरे भिजवून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन, वर दाण्याचं कूट घातलं की त्याला आम्ही सुशीला म्हणतो. मराठवाड्याबाहेरच्या माणसाला हे कुठून माहीत असणार! डॉक्टरांनी चष्म्यातून बघितलं. रोज का, म्हणाले. सर म्हणाले, एकतीस वर्षं झाली. डॉक्टरांना तो काहीतरी खायचा पदार्थ आहे एवढं कळलं आणि त्यांनी कागदावर लिहिता लिहिता सांगून टाकलं, "सुशीला आजपासून पूर्ण बंद."

शेजारी वहिनी बसल्या होत्या. त्यांचं नाव सुशीला. पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "मंग मी कुठं जाऊ?"

मी खुलासा केल्यावर डॉक्टर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. आम्हीही हसलो. सर आणि वहिनी एकमेकांकडं बघून हसताना मी शेवटचे बघितले ते तेव्हाच.

मग डॉक्टरांचं हसू थांबलं. गोळ्या चालू राहतील, ड्रेसिंग चालू राहील, पण तीन महिन्यांत साखर खाली आलीच पाहिजे. आली तर अंगठा वाचेल. नाही तर, त्यांनी पेन उलटं करून स्वतःच्या पँटवर घोट्यापाशी रेघ ओढून दाखवली. कार्ब कमी करा, म्हणाले. सकाळी तर धान्य बंदच. बाकी सगळं चार्टमध्ये आहे.

चार्ट इंग्रजीत छापलेला होता. मी हात पुढं केला, पण सरांनी तो घडी करून खिशात टाकला. "मी सायन्स शिकवतो डॉक्टर. कळलं मला."

जिना उतरताना वहिनींनी विचारलं, कागदात काय काय लिहिलंय? सरांनी अख्खा चार्ट दोन शब्दांत सांगितला.

"धान्य बंद."

*

आता तुम्हीच सांगा, आपल्या घरात धान्य बंद म्हटलं की चुलीवर काय चढतं?

सोमवारी साबुदाण्याची खिचडी आली. मंगळवारी भगर आणि दाण्याची आमटी. बुधवारी रताळ्याचा कीस. गुरुवारी बटाट्याची भाजी आणि साबुदाण्याची थालिपीठं. गव्हाचा कण नाही, तांदळाचा दाणा नाही. वहिनींनी तवासुद्धा वेगळा काढला होता, पोळीच्या तव्याचं पीठ लागायला नको म्हणून. सरांबरोबर त्यांनीही सकाळचं धान्य सोडलं. शेजारणीनं विचारलं, कोणाचा उपवास धरलाय एवढा कडक?

"पायाचा," वहिनी म्हणाल्या.

सरांना एकट्याला कसं वाटेल म्हणून आम्हीही गाडीत धान्य सोडलं. वसमतकर म्हणाले, "गव्हाणे सर, आडनावातला गहू तेवढा ऱ्हाऊ द्या." त्या दिवसांत वहिनींचा डबा दुपटीनं भरून यायचा, सरांनाही पोटभर मिळावं म्हणून. कुरकुरीत बटाटा, दाण्याचं कूट, वरून लिंबू. वसमतकर झाकण चाटायचे. आणि मी म्हणाले होते, "असलं डायट असेल तर मी जन्मभर करीन."

मी म्हणाले होते हे. पंचवीस वर्षं मुलांना शिकवणारी बाई. शेजारी वसमतकर, कोणत्या जनावराला किती पेंड आणि किती भरडा हे झोपेत सांगतील असा माणूस. आणि मधे सायन्सचे मास्तर. सहा आठवडे तिघांचे हात त्याच डब्यात होते आणि एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. स्वतःला शहाणं समजणाऱ्या माणसांचा मला तेव्हापासून फार राग येतो, आणि त्यात पहिला नंबर माझाच.

*

सातवीला एक प्रयोग आहे. पदार्थावर आयोडीनचा थेंब टाकायचा, पिष्ट असेल तर तो निळा-काळा होतो. सर दर वर्षी तो करून दाखवायचे आणि पोरं दर वर्षी टाळ्या वाजवायची.

मार्चमध्ये एका दुपारी तो चालू होता. माझा वर्ग शेजारी, मधलं दार उघडं. भाकरीवर थेंब पडला, काळा. बटाट्यावर, काळा. बटाट्यापाशी सर जरा थबकले असं मला वाटलं, पण ते पुढं गेले. काकडीवर काही झालं नाही. एका मुलीनं विचारलं, रंग न बदलणारं आणखी काय असतं?

सरांनी टेबलावरचा स्वतःचा डबा उघडला. सकाळची खिचडी थोडी उरली होती. "हे बघा," ते म्हणाले, "ह्यात धान्य न्हाई. हितं रंग बदलायचा न्हाई."

थेंब टाकला. खिचडी शाईसारखी काळी झाली.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलीनं वाकून बघितलं आणि अगदी खुशीत सांगितलं, "सर, तुमच्या डब्यात तर सगळ्यात जास्त हाय!"

सरांनी दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक थेंब टाकला. मग झाकण लावलं. वर्ग सुटल्यावरही ते डब्यावर हात ठेवून बराच वेळ उभे होते.

परतीच्या गाडीत त्यांनी खिशातला चार्ट काढून माझ्या हातात दिला. घामानं घडी मऊ पडलेली, पण तो उघडलेला नव्हता. मी वाचला. काय खायचं नाही त्या यादीत साबुदाणा होता, बटाटा होता, रताळं होतं. सगळं ठळक अक्षरात.

*

त्याच आठवड्यात तपासणी होती. सरांनी वहिनींना घरीच थांबवलं आणि वसमतकरांना बरोबर नेलं. साखर उतरायची सोडून वर गेली होती. दुसऱ्या दिवशी गाडीत डबे उघडण्याआधी सर म्हणाले, घरी काय सांगायचं ते मी ठरवलंय. पूर्ण्याला गाडी थांबते तिथं मी रोज चोरून जिलेबी खात होतो, म्हणून साखर वाढली आणि म्हणून डॉक्टरनं नवा चार्ट दिला. मुगाचं धिरडं, पनीर, अंडी.

वसमतकर म्हणाले, "तुमी अन् जिलेबी? कोण विश्वास ठेवंल?"

"नवरा चोरून खातो म्हनलं की कोणचीबी बाई विश्वास ठेवती."

आम्ही हसलो नाही. मी म्हणाले, सर, त्यांना खरं सांगा, त्यांनी मुद्दाम थोडंच केलंय. तर त्यांनी आमचे दोघांचे हात धरून त्या बंद डब्यावर ठेवले. खिडकीजवळच्या बाया बघत होत्या.

"तिनं सहा आठवडे पायाचा उपवास केलाय," ते म्हणाले. "उद्या पाय गेलाच, तर तिच्या हातानं गेला असं तिला कळू द्यायचं न्हाई. माझ्या मागंबी न्हाई."

आम्ही शपथ घेतली. त्या माणसाचा मला अजून राग येतो. मोठेपणा स्वतः करून जायचा आणि ओझं दुसऱ्यांच्या हातात द्यायचं, ही कुठली रीत? पण हात काढून घ्यायची हिंमत तेव्हा झाली नाही, हेही खरं.

*

दोन दिवसांनी वहिनी स्वतः स्टेशनवर आल्या. गाडी लागलेली होती. सरांशी एक शब्द नाही, थेट माझ्या खिडकीपाशी.

"मॅडम, तुमी शेजारी बसता. सहा आठवडे रोज जिलेबी खाल्ली, अन् तुमाला एक दिवस दिसली न्हाई?"

मी म्हणाले, "चुकलंच वहिनी."

"घरी गोडाला शिवत न्हाईत. मला वाटलं लय साधा माणूस हाय." त्यांचा आवाज चढला नव्हता. "आता नजर ठेवा तुमी."

मी मान हलवली. सर दुसऱ्या खिडकीतून मालगाडी बघत होते. त्या दिवसापासून त्यांचा डबा फिरायचा बंद झाला. वहिनींचं मोजून-मापून आलेलं धिरडं ते एकटे, खाली मान घालून खायचे. इतकी वर्षं ज्या डब्याची वाट बघितली, तो असा त्यांच्या वाट्याला आला.

*

अंड्यांचं काय झालं तेही सांगते. वहिनी माळकरी, स्वयंपाकघरात अंडं येणं शक्य नाही. मग वसमतकरांनी जबाबदारी घेतली. दवाखान्यात सुया-सिरिंजा उकळायचं जुनं विजेचं भांडं होतं, त्यात ते सरांसाठी अंडी उकडायचे. पण सरांचा सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. रविवारी सुट्टी. म्हणजे आठवड्यात अंडी तीनच दिवस.

एकदा एक शेतकरी आजारी बैल घेऊन आला. वसमतकर चिमट्यानं भांड्यातून अंडी काढत होते आणि बाकावर सर अंगठ्याला पट्टी बांधून बसले होते. शेतकऱ्यानं अंडी बघितली, सर बघितले, बैल बघितला आणि हळूच विचारलं, "डॉक्टर, आधी नंबर ह्यांचा हाय का?"

सर म्हणाले, "तुमचा घ्या. बैलाला अजून चारी पाय हायेत."

*

आणि गंमत बघा, साखर उतरली. खरंच उतरली. मे महिन्यात डॉक्टरांनी रिपोर्ट बघून शाबासकी दिली, मग पट्टी सोडली. अंगठा काळा पडला होता, वर पाऊलभर लाली चढली होती. "साखर आटोक्यात आहे," ते म्हणाले. "पाय नाही."

वसमतकरांनी मागं थांबून विचारलं, आधीचे सहा आठवडे मिळाले असते तर? डॉक्टर म्हणाले, कदाचित वाचला असता. कदाचित तसाही गेला असता. हे 'कदाचित' वसमतकरांनी मला सांगितलं आणि तेव्हापासून आम्ही ते दोघांत वाटून घेतलंय.

पाय घोट्याच्या वरून काढला. भेटायला गेलो तर वहिनी कॉटच्या पायथ्याशी बसलेल्या. येणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच सांगत होत्या, "जिभेपायी पाय घालवला ह्यांनी." आणि सर प्रत्येक वेळी मान डोलवून म्हणत होते, "घालवला."

तेवढ्यात दवाखान्याचा नाश्ता आला. उपमा होता. वहिनींनी तो परत पाठवला आणि डब्यातलं धिरडं काढलं. सर म्हणाले, "निम्मंच दे. आता एकच पाय पोसायचाय."

कॉटशेजारचा पेशंट हसला. वहिनींनी धिरडं बरोबर मधून मोडलं.

*

शाळा उघडली तेव्हा सर गेले. जखमेतून ताप चढला, चार दिवसांत संपलं.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. वहिनींनी मला शेजारी बसवून घेतलं. "मॅडम, जायच्या आधी एक डाव सुशीला कर म्हनले," त्या म्हणाल्या. "एक मूठ चुरमुरे मागितले हो त्यांनी. साखर वाढंल म्हनून मी दिले न्हाईत." मग माझा हात धरून म्हणाल्या, "बरोबर केलं ना मी?"

मी म्हणाले, बरोबर केलंत. दुसरं काय म्हणणार होते? घरी आले आणि भाकरी थापता थापता परातीवर डोकं टेकून रडले.

*

आता हा शेवटचा.

दहावा गंगाखेडला, गोदावरीच्या घाटावर. आम्ही दोघंही गेलो होतो. बूट-चपला वरच्या पायरीवर काढून खाली वाळूत उतरलो. भाताचा पिंड मांडला, शेजारी पत्रावळीवर जिलेबी. सरांच्या भावानं मुद्दाम ताजी आणली होती. सगळ्या गावाला माहीत झालं होतं ना, की ह्या माणसाचा जीव जिलेबीत होता.

कावळे होते, भरपूर होते. समोरच्या झाडावर बसले होते आणि खाली येत नव्हते.

भावानं हात जोडले, वहिनीला सांभाळतो म्हणाला. पुतण्यानं शेताचं काही कबूल केलं. शाळेतर्फे मी म्हणाले, सर, शाळेची काळजी करू नका. एकही कावळा हलला नाही. ऊन चढायला लागलं. गुरुजी म्हणाले, काहीतरी मनात राहिलंय, ओळखीच्या कुणाला ठाऊक असेल तर बोला. वसमतकरांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. शपथ दोघांचीही होती.

तेव्हा बायकांमधून वहिनी उठल्या. पिंडासमोर जाऊन उकिडव्या बसल्या, जेवायला वाढताना बसतात तशा.

"खा आता," त्या म्हणाल्या. "चोरून खायाची गरज न्हाई. पथ्य सरलं तुमचं."

आणि बाजूला झाल्या.

एक कावळा उतरला. पिंडाभोवती फिरला. पत्रावळीवरची जिलेबी त्यानं चोचीनं बाजूला सारली, वाळूत पाडली, आणि भाताचा घास घेऊन उडाला. मग दुसरा आला. त्यानंही भातच घेतला. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि नदीकडं वळले.

वहिनी वळल्या नाहीत. वाळूत पडलेल्या जिलेबीकडं त्या बराच वेळ बघत होत्या. मग सावकाश माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मॅडम, जिलेबीला तर शिवले बी न्हाईत."

वसमतकर घाईघाईनं बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. बूट वरच्या पायरीवर होते.